काळजीवाहकांसाठी सक्तीचे प्रशिक्षण आणि त्याविरुद्धचे आंदोलन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सक्तीच्या प्रशिक्षणाविरुद्ध आवाज उठवू पाहणारे काळजीवाहक आणि त्यांचे कार्यकर्ते जे प्रश्न पुनःपुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. कायदे देशागणिक बदलतात. त्यामुळे एखाद्या देशाचा नियम दिला असेल तेथे तो उदाहरण म्हणून घ्यावा आणि आपल्याकडची तरतूद स्वतंत्रपणे तपासावी.

१. काळजीवाहक म्हणजे नेमके कोण आणि कोणत्या प्रशिक्षणाला ‘सक्तीचे’ म्हणायचे?

वृद्ध, अपंग किंवा दीर्घकाळ आजारी असलेल्या व्यक्तीच्या घरी जाऊन तिला आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलून देणे, डायपर बदलणे, वेळेवर औषधाची आठवण करणे अशी कामे मोबदला घेऊन करणारी व्यक्ती म्हणजे काळजीवाहक. कोणी तिला केअरटेकर म्हणते, कोणी अटेंडंट. नोंदणीकृत परिचारिका यात येत नाहीत, कारण त्यांचे शिक्षण आणि परवाना वेगळ्या कायद्याने ठरतो. ठराविक तासांचे वर्ग पूर्ण केल्याशिवाय, आणि काही ठिकाणी परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय, हे काम करताच येणार नाही अशी अट घातली गेली की ते प्रशिक्षण सक्तीचे झाले.

ही अट कायद्याने घातली आहे, एखाद्या खात्याच्या आदेशाने, की पैसे देणाऱ्या योजनेच्या नियमाने, हे सर्वांत आधी शोधावे. अमेरिकेत मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना) या योजनेत काम करणाऱ्या संस्थांच्या ‘होम हेल्थ एड’ला, म्हणजे रुग्णाच्या घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या साहाय्यकाला, किमान ७५ तासांचे प्रशिक्षण लागते आणि त्यांपैकी किमान १६ तास देखरेखीखालच्या प्रत्यक्ष कामाचे असावे लागतात. ही केंद्र सरकारची अट आहे. त्याच देशात केवळ वैयक्तिक मदत करणाऱ्या काळजीवाहकासाठी मात्र केंद्राची अशी सर्वसाधारण अट नाही, तिथे प्रत्येक राज्य आपापले नियम करते. ज्या कार्यालयाला नियम बदलण्याचा अधिकारच नाही, त्याच्या दारात दिवसभर घोषणा देऊन परतलेले मोर्चे आम्ही पाहिले आहेत.

२. प्रशिक्षण तर चांगलीच गोष्ट आहे, मग त्याला विरोध कशासाठी?

आमच्याकडे आलेली बहुतेक पत्रे नीट वाचली तर विरोध शिकण्याला नसतो, शिकण्याचा भार कोणाच्या डोक्यावर टाकला आहे याला असतो. ७५ तासांचे वर्ग आठवड्याच्या सुटीच्या दिवशी सहा-सहा तास केले, तर साडेबारा आठवडे, म्हणजे जवळजवळ तीन महिने, एकही सुटी मिळत नाही. त्यात शुल्क, येण्याजाण्याचा खर्च, बुडालेली रोजी आणि स्वतःच्या घरातल्या लहान मुलांना सांभाळायला ठेवलेल्या माणसाचे पैसे धरले, की पदरमोड किती होते याचा अंदाज येईल.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे आणि तो अपंगांच्या चळवळीतून आला आहे. १९७२ साली अमेरिकेतील बर्कले येथे अपंगांनी स्वतः चालवलेले ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ सुरू झाले. या चळवळीतले सर्वपरिचित नाव म्हणजे एड रॉबर्ट्स. आपल्याला कशी मदत हवी हे ज्याला मदत हवी तोच सर्वांत चांगले सांगू शकतो, तेव्हा मदतनीस निवडण्याचा आणि त्याला शिकवण्याचा अधिकारही त्याचाच असला पाहिजे, असे ही चळवळ मानते. या भूमिकेतून पाहिले तर सर्वांना एकच साचेबद्ध अभ्यासक्रम लावणे म्हणजे अपंग व्यक्तीच्या घरातला निर्णय बाहेरच्याने घेणे होय.

हे मान्य करूनही, ‘कोणतेच प्रशिक्षण नको’ ही भूमिका आम्हाला चुकीची वाटते. खाटेवरून चाकाच्या खुर्चीत माणूस हलवताना पकड चुकली तर हलवणाऱ्याची पाठ जाते आणि हलवला जाणारा पडतो. कूस वेळेवर बदलली नाही तर शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होतात. हे कोणाला तरी कोणीतरी शिकवावेच लागते. शिवाय ही भूमिका लोकांच्या गळी उतरत नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात काळजीवाहकांच्या सक्तीच्या प्रशिक्षणाचा प्रस्ताव २००८ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये थेट मतदारांसमोर गेला आणि दोन्ही वेळा मोठ्या फरकाने मंजूर झाला. ‘तुमच्या आईजवळ प्रशिक्षित माणूस हवा की अप्रशिक्षित?’ असा प्रश्न विचारला, तर कोणीही काय उत्तर देईल हे उघड आहे. तो प्रश्न विचारला जाणार नाही अशी मागणी तयार करणे हे आंदोलनाचे पहिले काम आहे.

३. मग मागणी लिहायची कशी?

एका वाक्यात, एका कलमावर आणि होकार किंवा नकार देता येईल अशा शब्दांत लिहावी. ‘अन्यायकारक प्रशिक्षण रद्द करा’ या वाक्याला अधिकारी सहानुभूतीने मान डोलावतात आणि पुढे काहीच होत नाही. याउलट ‘प्रशिक्षणाचा प्रत्येक तास कामाचा तास धरून त्याचा नेहमीच्या दराने मोबदला द्यावा’, ‘परीक्षा तोंडी आणि प्रात्यक्षिक स्वरूपात, उमेदवाराच्या भाषेत घ्यावी’, ‘पाच वर्षांहून अधिक अनुभव असणाऱ्यांना वर्गाऐवजी थेट प्रात्यक्षिक चाचणी देण्याची मुभा असावी’ ही वाक्ये टाळता येत नाहीत.

परीक्षेच्या मागणीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण सर्वाधिक माणसे तिथेच गळतात. आम्हाला लिहिणाऱ्या एका बाईंनी नळीतून अन्न देण्याचे काम अकरा वर्षे केले आहे. अन्न देण्याआधी खाटेचे डोके वर उचलायचे, अन्न दिल्यावर नळीत पाणी सोडायचे आणि नंतरही काही वेळ रुग्णाला आडवे होऊ द्यायचे नाही, हे त्यांचे हात आपोआप करतात. लेखी परीक्षेत याच विषयावरचा प्रश्न चार पर्यायांसह आला. चारही पर्याय त्यांना न येणाऱ्या भाषेत होते. त्या नापास झाल्या. अशी एक खरी हकिगत (संबंधितांच्या संमतीने, नाव न घेता) निवेदनाला जोडली की वेगळे विशेषण वापरण्याची गरज उरत नाही.

मागण्या तीन-चारच ठेवाव्यात. वीस मागण्यांच्या निवेदनातून समोरचा सर्वांत स्वस्त मागणी निवडतो आणि ती मान्य करून मोकळा होतो.

४. प्रशिक्षणाच्या वेळेचा पगार मागण्याला कायद्याचा आधार आहे का?

अनेक ठिकाणी आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या पारदर्शक व पूर्वकल्पनीय कार्यशर्तींविषयीच्या निर्देशातील कलम १३ असे सांगते की, कायद्याने किंवा सामूहिक कराराने जे प्रशिक्षण देणे मालकावर बंधनकारक आहे ते कर्मचाऱ्याला विनामूल्य मिळाले पाहिजे, तो वेळ कामाचा वेळ मानला पाहिजे आणि शक्य असेल तेथे ते कामाच्या वेळातच झाले पाहिजे. ऑक्टोबर २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयाने रोमानियातील एका प्रकरणात, मालकाने सांगितलेल्या १६० तासांच्या प्रशिक्षणापैकी नेहमीच्या वेळेबाहेर झालेले १२४ तासदेखील कामाचा वेळच ठरतात, असा निर्णय दिला. अमेरिकेतील संघराज्याच्या नियमानुसार प्रशिक्षण कामाच्या वेळात न धरण्यासाठी चार अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात : ते कामाच्या वेळेबाहेर असावे, खरोखर ऐच्छिक असावे, कामाशी थेट संबंधित नसावे आणि त्या वेळात दुसरे कोणतेही काम केलेले नसावे. मालकाने सक्ती केलेले प्रशिक्षण दुसऱ्याच अटीवर अडखळते.

मात्र येथे एक खाच आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. युरोपीय निर्देशाच्या प्रस्तावनेतच असे स्पष्ट केले आहे की, व्यावसायिक पात्रता मिळवण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी लागणारे प्रशिक्षण देण्याचे बंधन कायद्याने मालकावर घातलेले नसेल, तर ते या संरक्षणात येत नाही. म्हणजे नियमात ‘मालकाने प्रशिक्षण द्यावे’ असे लिहिले असेल तर खर्च मालकाचा, आणि ‘काळजीवाहकाने प्रमाणपत्र मिळवावे’ असे लिहिले असेल तर तोच खर्च काळजीवाहकाच्या गळ्यात. मसुदा हाती आला की सर्वप्रथम वाक्याचा कर्ता कोण आहे ते पाहावे. त्या एका शब्दासाठी केलेले आंदोलनही पुरेसे मोठे असते.

५. आम्ही सगळ्या वेगवेगळ्या घरांत काम करतो, एकमेकींना ओळखतही नाही. एकत्र यायचे कसे?

या क्षेत्राची खरी अडचण हीच आहे. कारखान्याला फाटक असते, पाळी सुटण्याची वेळ असते. काळजीवाहकाचे कामाचे ठिकाण म्हणजे दुसऱ्याच्या घराची आतली खोली. तरीही काही जागा सामाईक असतात : एजन्सीत पगाराच्या दिवशी लागणारी रांग, पहाटेच्या आणि रात्रीच्या पाळीच्या बसचा थांबा, रुग्णालयाचे बाह्यरुग्ण विभाग आणि खुद्द सक्तीच्या प्रशिक्षणाचा वर्ग. ज्या नियमाविरुद्ध आंदोलन आहे त्याच नियमाने तीस-चाळीस काळजीवाहक आयुष्यात पहिल्यांदा एका छताखाली आणून बसवलेले असतात, आणि मधल्या सुटीत चहाचा पेला हातात घेऊन उभे असताना ओळख करून घेणे फार सोपे असते. संघटन करणाऱ्याने ही संधी वाया घालवू नये.

संपर्कयादी करताना नाव आणि फोन क्रमांक यांच्यासोबत पाळीची वेळ जरूर टिपावी, कारण दुपारी तीनला ठेवलेल्या बैठकीस रात्रपाळीवाल्या झोपमोड करून येतात आणि दुसऱ्यांदा येत नाहीत. रुग्णाचे नाव किंवा पत्ता यादीत कधीही घेऊ नये (याचे कारण प्रश्न १३ मध्ये दिले आहे).

६. मोर्च्याच्या दिवशी रुग्णाजवळ कोण थांबणार?

हा प्रश्न सुटल्याशिवाय तारीख जाहीर करू नये. इतर कामगारांचा संप झाला तर उत्पादन थांबते. इथे काम थांबले तर एखादा माणूस ओल्या डायपरमध्ये पडून राहतो. यामुळे काळजीवाहकाचे हात बांधलेले असतात, हे खरे आहे, आणि सरकारे व एजन्स्या त्याचा फायदा घेतात हेही खरे आहे.

व्यवहारात पुढील पद्धत उपयोगी पडते. सहभागी होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकीने आपल्या रुग्णाविषयी, नाव न लिहिता, एवढेच कळवावे की तो किती वेळ एकटा राहू शकतो. जो तीन-चार तास एकटा राहू शकतो, त्याच्या काळजीवाहकाने न्याहारी, औषध आणि पाण्याची सोय करून निघावे आणि दुपारच्या जेवणापूर्वी परतावे. ज्याच्याजवळ नातेवाईक थांबू शकतात, त्यांना किमान आठवडाभर आधी लेखी कळवावे आणि त्या तासांत काय काय करायचे याची चिठ्ठी हाताने लिहून द्यावी : दहा वाजता डावी कूस, बारा वाजता उजवी, पाणी चमच्यानेच, गिळल्याशिवाय दुसरा चमचा नाही. ज्याला एक क्षणही एकटे सोडता येत नाही आणि ज्याचे कोणी नाही, त्याच्याजवळची काळजीवाहक मोर्च्यात येत नाही. ती त्या दिवशी काळी फीत लावून काम करते आणि तिचे नाव व्यासपीठावरून उपस्थितांमध्येच वाचले जाते. आमच्या मते ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण जी येऊ शकत नाही तिला आपण फितूर ठरलो असे वाटता कामा नये.

पूर्ण दिवसाच्या मोर्च्यापेक्षा दोन तासांची, पाळी बदलण्याच्या वेळेला जोडून ठेवलेली सभा बहुतेक वेळा अधिक गर्दी खेचते. जे आंदोलन प्रत्यक्ष काम बंद करण्यापर्यंत जाते, त्याला पूर्वसूचनेचे वेगळे नियम लागू शकतात. अमेरिकेच्या कायद्यानुसार आरोग्यसेवा संस्थेत संप किंवा निदर्शने करण्यापूर्वी संघटनेला १० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. दुसऱ्या बाजूला, त्याच देशाचा १९३५ चा कामगार संबंध कायदा एखाद्याच्या घरात थेट घरकामासाठी ठेवलेल्या व्यक्तीला ‘कर्मचारी’ मानत नाही. म्हणजे आपण एजन्सीचे कर्मचारी आहोत की कुटुंबाने थेट ठेवलेले, यावर संरक्षण अवलंबून असू शकते.

७. निदर्शनांसाठी परवानगी घ्यावी लागते का?

स्थानिक नियम पाहावेत. शांततापूर्ण सभेचा अधिकार नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम २१ मध्ये मान्य केला आहे. त्यावर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०२० मध्ये दिलेल्या विवेचनानुसार प्रशासन पूर्वसूचना मागू शकते, पण परवानगीची सक्ती या अधिकाराच्या मूळ कल्पनेशी विसंगत आहे. प्रत्यक्षात पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेणे शहाणपणाचे असते. अर्जात वेळ, मार्ग, अपेक्षित संख्या आणि जबाबदार व्यक्तीचे नाव असावे.

८. रुग्ण आणि त्यांच्या कुटुंबीयांना आंदोलनात घ्यावे का?

घ्यावे, पण वापरू नये. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला छायाचित्रासाठी पुढच्या रांगेत आणून ठेवणे हा त्याचा अपमान आहे. त्याला बोलायचे असेल तर ध्वनिक्षेपक त्याच्या हाती द्यावा आणि त्याचे म्हणणे आपल्या मागणीशी तंतोतंत जुळले नाही तरी ऐकून घ्यावे. काही कुटुंबे प्रशिक्षणाच्या बाजूने असतात, विशेषतः ज्यांना एकदा वाईट अनुभव आला आहे ती. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा ‘प्रशिक्षण हवेच, पण त्याचा खर्च तिच्या पगारातून नको’ हे एक वाक्य त्यांना पटते का ते पाहावे. बहुतेकदा पटते.

९. मी माझ्याच मुलाची काळजी घेते आणि त्याबद्दल योजनेतून मानधन मिळते. मलाही हे वर्ग करावे लागतील का?

सर्वांत संतप्त पत्रे याच गटाकडून येतात आणि ते समजण्यासारखे आहे. मतिमंद मुलाला वीस वर्षे वाढवलेल्या आईला ‘रुग्णाशी संवाद कसा साधावा’ हे शिकायला बसवणे म्हणजे मासळीला पोहायला शिकवणे. कायदे करणाऱ्यांनाही हे काही प्रमाणात पटलेले दिसते. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यात केवळ स्वतःच्या मुलाची किंवा आईवडिलांची काळजी घेणाऱ्यांसाठी ७५ ऐवजी ३५ तास ठेवले गेले आणि विकासात्मक अपंगत्व असलेल्या स्वतःच्या अपत्याची काळजी घेणाऱ्या पालकांसाठी त्याहूनही थोडे तास ठरवण्यात आले.

आपल्याकडच्या मसुद्यात अशी सूट नसेल तर ती मागणे हा सर्वांत लवकर यश देणारा मुद्दा ठरू शकतो. एक सावधगिरी मात्र हवी : पालकांना सूट मिळाली की त्यांचा उत्साह ओसरतो आणि पगारी काळजीवाहक एकटे पडतात. दोन्ही गटांनी आधीच ठरवून घ्यावे की एकाची मागणी मान्य झाली तरी दुसऱ्याच्या मागणीपर्यंत सोबत राहायचे.

१०. माझ्याकडे नर्सिंगचे प्रमाणपत्र आहे, किंवा वीस वर्षांचा अनुभव आहे. मला सूट का नाही?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मान्यताप्राप्त नर्सिंग प्रमाणपत्र असणाऱ्यांना बहुतेक नियमांत सूट असते आणि नसेल तर ती सहज मागता येते. अनुभव सिद्ध करणे अवघड असते, कारण घरात केलेल्या कामाची हजेरी कोणी ठेवत नाही. पगाराच्या पावत्या, बँकेतल्या नोंदी, कुटुंबाने दिलेले पत्र, फोनवरचे जुने संदेश असे जे काही असेल ते आतापासून जमवावे. मागणी कशी मांडावी हे प्रश्न ३ मध्ये दिले आहे.

११. हे प्रशिक्षण आमचीच संघटना चालवते. मग आंदोलन कोणाविरुद्ध करायचे?

हा प्रश्न विचारायला लोक कचरतात, म्हणून सविस्तर उत्तर देतो. ही परिस्थिती काल्पनिक नाही. वॉशिंग्टन राज्यात २००८ आणि २०११ चे दोन्ही प्रस्ताव पुढे रेटण्यात काळजीवाहकांची संघटनाच आघाडीवर होती आणि तिथले प्रशिक्षण संघटना व मालक यांच्या संयुक्त भागीदारीतील संस्था देते. संघटनेची बाजू अशी असते की प्रमाणपत्रामुळे कामाला प्रतिष्ठा येते, प्रतिष्ठेमुळे दर वाढवून मागता येतो आणि प्रशिक्षण संघटनेच्या हाती राहिले तर ते मालकाच्या सोयीने वळवले जात नाही. हा युक्तिवाद पोकळ नाही. त्याचबरोबर, सक्तीमुळे ज्या संस्थेकडे निधी आणि सभासद येतात त्याच संस्थेने सक्ती योग्य की अयोग्य याचा निवाडा करणे हा हितसंबंधांचा उघड संघर्ष आहे, आणि सभासदांना तो बोलून दाखवण्याचा पूर्ण हक्क आहे.

अशा वेळी रस्त्यावर उतरण्याआधी संघटनेच्या घटनेतील मार्ग वापरावेत : विशेष सभा बोलावण्यासाठी किती सह्या लागतात, ठराव किती दिवस आधी द्यावा लागतो, प्रशिक्षण संस्थेचे लेखापरीक्षित हिशेब सभासदाला पाहता येतात का. हिशेब मागणे ही गद्दारी नव्हे. संघटनेच्या बाहेर निदर्शने करायची वेळ आलीच, तर फलकांवर व्यक्तींची नावे नकोत, कारण निवडणुकीनंतर याच माणसांसोबत मालकासमोर बसायचे असते.

१२. आंदोलनात दिसले म्हणून एजन्सीने काम देणे बंद केले तर?

उघडपणे काढून टाकण्यापेक्षा ‘सध्या काम नाही’ असे सांगून घरी बसवणे या क्षेत्रात जास्त चालते. म्हणून आंदोलनापूर्वीच्या तीन महिन्यांत किती पाळ्या मिळाल्या याची तारखेनिशी नोंद ठेवावी. तुलनेला आधार नसेल तर सूड सिद्ध होत नाही. संघटना करण्याचा हक्क आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४८ च्या ८७ क्रमांकाच्या करारात आहे, संघटनेत असल्याबद्दल होणाऱ्या भेदभावापासून संरक्षण १९४९ च्या ९८ क्रमांकाच्या करारात आहे, आणि घरकामगारांविषयीच्या २०११ च्या १८९ क्रमांकाच्या करारात हे हक्क घरात काम करणाऱ्यांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले आहे. आपल्या देशाने यांतील कोणते करार स्वीकारले आहेत ते पाहून निवेदनात त्यांचा उल्लेख करावा.

१३. कामाच्या घरातले फोटो किंवा व्हिडिओ प्रचारासाठी वापरले तर चालेल का?

नाही. रुग्णाचा चेहरा, औषधांची पाकिटे, खोली, यांतले काहीही बाहेर गेले तर विश्वासभंग होतो, नोकरी जाते आणि काही देशांत तो गुन्हाही ठरतो. स्वतःच्या हातांचा, वहीचा, थकून बसमध्ये लागलेल्या डुलकीचा फोटो पुरेसा बोलका असतो.

१४. मुदत संपत आली आहे. सर्वांनी मिळून वर्गांवर बहिष्कार टाकावा का?

फार विचार करून. मुदत उलटली की प्रमाणपत्र नसलेल्या व्यक्तीला काम देणे एजन्सीलाच बेकायदा ठरते, आणि मग काढून टाकणे हा सूड न राहता नियमपालन होते. प्रश्न १२ मधले कोणतेही संरक्षण तिथे उपयोगी पडत नाही. बहिष्कारात सर्वांत आधी बळी जातात त्या नव्याने लागलेल्या आणि एकटीच्या पगारावर घर चालवणाऱ्या. ज्यांना शक्य आहे त्यांनी निषेध नोंदवून वर्ग पूर्ण करावेत. हजेरीपत्रकावर सही करताना ‘मोबदल्याचा हक्क राखून’ असे लिहावे आणि प्रत्येक तासाची व खर्चाची पावती जपावी. पुढे परतावा मिळवण्यासाठी हेच कागद लागतात.

१५. सरकारने अंमलबजावणी एक वर्ष पुढे ढकलली. आता आंदोलन थांबवायचे का?

मुदतवाढ ही मागणी मान्य झाल्याची खूण नसते. बहुतेकदा ती पैसे नसल्याची खूण असते. वॉशिंग्टन राज्यात २००८ साली मंजूर झालेल्या नियमाची अंमलबजावणी विधिमंडळाने अंदाजपत्रकातील तुटीमुळे लांबणीवर टाकली, आणि २०११ मध्ये तोच विषय नव्या प्रस्तावाच्या रूपाने पुन्हा मतदारांपुढे आला. मधल्या काळात मसुद्यावर बोलायला ज्यांच्याकडे माणसे, यादी आणि लिहिलेली मागणी तयार असते, त्यांना समितीत बोलावले जाते. तेव्हा या वर्षात मोर्चे कमी करावेत, पण संपर्कयादी दर महिन्याला अद्ययावत करावी, पावत्या जमा करणे सुरू ठेवावे आणि नव्या मसुद्याची प्रत पहिल्याच दिवशी मागून घेऊन प्रश्न ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे त्यातला कर्ता शोधावा.